लिबियात नक्की राज्य कुणाचं? (भावाला मिसरात्यात नोकरी आली आहे)

वारणाकाठ

नमस्कार. माझा धाकटा भाऊ इन्स्ट्रुमेंटेशन फिटर आहे. आयटीआय झाल्यावर आठ वर्षं जामनगर, दहेज अशी शटडाउनची कामं करत फिरतोय. आता मुंबईच्या एका एजंटामार्फत लिबियातल्या मिसराता शहरातलं काम आलंय. पगार इथल्या अडीचपट. एजंट म्हणतो की 2020 मध्ये युद्धबंदी झाली, आता जी काय बाचाबाची होते ती त्रिपोलीत, मिसरात्यात काही नाही.

मी शाळेत आठवीला इतिहास शिकवते. वाटलं, दोन संध्याकाळी वाचून काढीन. पण जितकं वाचलं तितका गुंता वाढला. त्रिपोलीत एक सरकार, पूर्वेला दुसरं. एकामागे तुर्कस्तान, दुसऱ्यामागे रशिया, इजिप्त आणि अमिराती. इथपर्यंत समजलं. पण 2025 च्या मे महिन्यात त्रिपोलीत जी लढाई झाली, त्यातल्या दोन्ही टोळ्या त्रिपोली सरकारच्याच पगारावर होत्या म्हणे. हे कसं काय? आणि 2011 साली नाटोने बॉम्ब टाकले ते लोकांना वाचवायला की देश मोडायला?

आई रोज एकच विचारते, "तिथं राज्य कुणाचं हाय?" मला तिला उत्तर देता येत नाही. तिकडे राहिलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

दर्यावर्दी

मी जमिनीवर राहिलो नाही, पण किनारा ओळखीचा आहे. 2013 मध्ये आमचं टँकर पूर्वेकडच्या एका तेलबंदराबाहेर नांगर टाकून पडून होतं, कारण ज्या पहारेकऱ्यांना बंदर राखायला सरकार पगार देत होतं त्यांनीच ते बंद केलं होतं. त्यांचा म्होरक्या इब्राहिम जधरान. पुढे मार्च 2014 मध्ये त्याच्या माणसांनी 'मॉर्निंग ग्लोरी' नावाच्या टँकरमध्ये परस्पर तेल भरून दिलं, अमेरिकी नौदलाच्या कमांडोंनी ते सायप्रसजवळ पकडून लिबियाला परत केलं, आणि त्या गोंधळात तिथल्या पंतप्रधानांची खुर्ची गेली. तुमच्या "हे कसं काय" चं उत्तर मला तरी त्या बंदराबाहेर मिळालं. राखणदारालाच कळलं होतं की राखण्यापेक्षा अडवण्यात जास्त मिळतं.

बाकी इथे 'उपकेंद्र' म्हणून एक सदस्य आहेत, ते तिकडे बरीच वर्षं होते. ते लिहितील.

उपकेंद्र

ताई, धागा आत्ता पाहिला.

मी लिबियात तीनदा राहिलो. 2009 ते फेब्रुवारी 2011 बेनगाझी, 2013 ते जुलै 2014 त्रिपोली, आणि 2018 ते एप्रिल 2019 पुन्हा त्रिपोली. काम तिन्ही वेळा तेच, वीज उपकेंद्रांत प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारं उपकरण) बसवायचे आणि तपासायचे. तिन्ही वेळा सामान टाकून निघावं लागलं. तुमच्या आईंचा प्रश्न मी तिथल्या कंट्रोल रूममध्ये बसून रोज स्वतःला विचारला आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

भारनियमन आपल्याला नवं नाही. तिकडे त्याला 'तरह अल-अहमाल' म्हणतात. 2018 चा उन्हाळा. प्रत्येक घरात एसी चालू, वीज मागणीपेक्षा कितीतरी कमी. मुख्य नियंत्रण कक्षातून फोन येतो, अमुक फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाइन, तीन तास बंद करा. पाळीपाळीने सगळ्यांनी सोसलं तर जाळं टिकतं. आमच्या ऑपरेटरने फोन ठेवला आणि स्विचकडे वळला, तर दारात चार पोरं उभी. खांद्याला कलाश्निकोव्ह. वय असेल वीस-बावीस. "आमच्या भागाचा फीडर बंद करायचा नाही." ओरडले नाहीत, धमकीसुद्धा दिली नाही. खुर्च्या ओढून बसले. ऑपरेटर त्रिपोलीलगतच्या ताजुऱ्याचा, तीन मुलांचा बाप. त्याने स्विचवरचा हात काढून घेतला.

पश्चिमेकडच्या बऱ्याच शहरांत त्या काळात हेच चालू होतं. एका गावाने आपला वाटा नाकारला की तो शेजाऱ्याच्या डोक्यावर. मग शेजारच्या गावची पोरंही आपापल्या उपकेंद्रात जाऊन बसतात. मग जाळ्यावर ताण येऊन विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून घसरत जाते, एका मर्यादेखाली गेली की वीजनिर्मितीचे संच वाचवण्यासाठी रिले सगळं तोडतो. त्या रात्री पश्चिम लिबिया अंधारात गेला. मी बसवलेला रिले बरोबर चालला होता. ज्यांनी फीडर बंद करू दिला नाही, त्यांच्या आयाही त्या अंधारातच बसल्या होत्या.

आता ती चार पोरं कोण? सरकारी नोकर. महिन्याच्या महिन्याला पगार, कागदोपत्री गृह खात्याच्या हाताखाली. तुमचा गुंता इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हुकूमशहा गद्दाफी 20 ऑक्टोबर 2011 ला सिर्तमध्ये मारला गेला. त्याच्याविरुद्ध लढणारे लोक गावागावाच्या, मोहल्ल्यामोहल्ल्याच्या तुकड्या करून लढले होते. तुकडीला तिकडे 'कतीबा' म्हणतात. एकट्या मिसरात्यात अशा दोनशेच्या वर होत्या. नव्या सरकारपाशी ना सैन्य ना पोलीस, मग त्यांनी ठरवलं की या लोकांना पगार द्यायचा. प्रत्यक्ष लढलेले त्या मानाने फार थोडे होते. पगाराच्या यादीत बघता बघता दोन लाखांच्या वर नावं गेली. नुसतं पैशाचं वाटप असतं तरी निभावलं असतं. पण तुकड्या मोडून माणसं एकेक करून भरती केली नाहीत, अख्खी कतीबा तिच्या म्होरक्यासकट सरकारात घेतली. पोराच्या खिशात सरकारी ओळखपत्र, हुकूम मात्र म्होरक्याचा. ऑक्टोबर 2013 मध्ये मी त्रिपोलीत होतो तेव्हा खुद्द पंतप्रधान अली झैदान यांना पहाटे हॉटेलातून उचलून नेलं, काही तासांनी सोडलं. नेणारे सरकारी पगारावरचेच. आमच्या कँपमधला लिबियन स्टोअरकीपर ती बातमी ऐकून डोकं धरून बसला होता, दुपारी जेवला नाही.

2014 मध्ये देश दोन तुकडे झाला. जूनमध्ये निवडणूक झाली, निवडून आलेली संसद पूर्वेला तोब्रुकला जाऊन बसली, त्रिपोलीत जुनी संसद हटेना. पुढे पूर्वेच्या फौजेचे सेनापती झालेले खलिफा हफ्तार बेनगाझीत लढत होते. त्रिपोलीचा विमानतळ झिंतान या पश्चिमेकडच्याच गावच्या तुकड्यांच्या ताब्यात होता, तो घ्यायला जुलैमध्ये मिसरात्याच्या तुकड्या आल्या. हो ताई, तुमच्या भावाला जिथे जायचंय ते मिसराता. विमानतळ कुणालाच मिळाला नाही, जळून गेला. विमानतळ रस्त्यावरच्या इंधन डेपोच्या टाक्या पेटल्या, ते आम्ही गच्चीवरून पाहिलं. दिवसभर आभाळ काळं. आम्ही एकोणीस जण दोन व्हॅनमधून रास अजदीरच्या नाक्यावरून ट्युनिशियात गेलो.

आणि या दोन सरकारांचा पैसा? तो एकच. पुस्तकात वाचून हे सहज ध्यानात येत नाही. तेल बहुतेक पूर्वेला आणि दक्षिणेला, मध्यवर्ती बँक त्रिपोलीत. तेलाचे डॉलर त्या बँकेत येतात, आणि यादीतल्या लोकांचा पगार तीच बँक देत राहिली, मग माणूस इकडचा असो की तिकडचा. एकमेकांवर तोफा डागणाऱ्यांच्या घरची चूल एकाच कढईवर. म्हणून त्रिपोलीतल्या टोळ्या सरकार पाडायला सहसा लढत नाहीत. बँकेच्या जवळ कोण बसणार यासाठी लढतात. 2017 मध्ये सरकारी दराने डॉलर दीड दिनारच्या आत मिळायचा, बाजारात तोच नवापर्यंत गेला होता. आयातीचं पतपत्र (सरकारी दराने डॉलर मिळवून देणारा बँकेचा कागद) हातात पडलं की बसल्या जागी सहापट. ते कुणाच्या हातात पडत असेल ते तुम्हीच समजा. साधी माणसं बँकेच्या दारात पहाटे चारपासून रांगेत. आमच्या त्या ऑपरेटरचा पगार खात्यात होता, पण हातात मिळेना. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त आणि मुलाचं औषध आणायला नोटा नाहीत, असे दिवस त्याने काढले.

मे 2025 ची लढाई याच जातीची. त्रिपोलीच्या अबू सलीम भागावर 'गनीवा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अब्देलघनी अल-किक्लीची सत्ता होती. 12 मेला तो 444 ब्रिगेड नावाच्या दुसऱ्या तुकडीच्या तळावर मारला गेला. मग 444 आणि त्रिपोलीच्या मितिगा विमानतळावर बसलेली 'राद' ही तिसरी टोळी यांच्यात जुंपली. तिघेही सरकारी यादीवरचे.

आता बाहेरचे देश. 2011 मध्ये कतारने आपल्या पसंतीच्या तुकड्यांना हत्यारं दिली, अमिरातीने आपल्या. म्हणजे गद्दाफी जिवंत होता तेव्हाच पुढच्या भांडणाची पेरणी झाली होती. लिबियात शस्त्रं पाठवायला बंदी घालणारा संयुक्त राष्ट्रांचा ठराव 26 फेब्रुवारी 2011 चा, तो अजून कागदावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञ मंडळाने 2021 मध्ये लिहिलं की ही बंदी पूर्णपणे निष्फळ आहे.

4 एप्रिल 2019 मी विसरणार नाही. दहा दिवसांनी घदामेसला सगळ्या लिबियन गटांची राष्ट्रीय परिषद भरणार होती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस त्या दिवशी त्रिपोलीतच होते. आमचा ताजुऱ्याचा ऑपरेटर इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला होता की यंदा काहीतरी होईल, थोरल्या मुलीचं लग्न त्याने शरद ऋतूत धरलं होतं. आणि त्याच दिवशी हफ्तार यांनी त्रिपोलीवर फौज चालवली. ऐन झारा भागात आमची साइट होती. दोन दिवसांत तिथे तोफगोळे पडू लागले. आपल्या सीआरपीएफची छोटी तुकडी तिथे होती, तिला बाहेर काढलं. पुढे सुषमा स्वराज यांनी ट्विट करून सांगितलं की त्रिपोलीत पाचशेच्या वर भारतीय आहेत, नातेवाइकांनी त्यांना लगेच निघायला सांगावं. मी त्याआधीच निघालो होतो. 8 तारखेला मितिगावर हवाई हल्ला झाला, विमानतळ बंद. मिसरात्याहून विमान मिळालं. किनाऱ्याच्या रस्त्याने दोनशे किलोमीटर. गराबुल्ली, खोम्स, झ्लितेन, दफनिया, दर ठिकाणी नाका आणि दर नाक्यावर वेगळी पोरं. ड्रायव्हर प्रत्येक नाक्याच्या आधी गाडीतलं गाणं बदलायचा.

हफ्तारच्या बाजूला अमिरातीचे चिनी बनावटीचे ड्रोन, रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैन्य कंपनीची माणसं, पाठीशी इजिप्त. त्रिपोली पडायला आली तेव्हा तुर्कस्तान उतरला. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांनी त्रिपोली सरकारकडून भूमध्य समुद्राच्या हद्दीचा करार करून घेतला, जानेवारीत फौज पाठवायला आपल्या संसदेची मंजुरी घेतली, मग आणखी बायरक्तार ड्रोन आले आणि सीरियातले भाडोत्री लढवय्येही. रशियानेही आपल्या बाजूने सीरियन आणले. एका देशातून फाटून आलेली पोरं दुसऱ्या देशात समोरासमोर. 19 जानेवारी 2020 ला हे सगळे देश बर्लिनला जमले, ढवळाढवळ करणार नाही असं कबूल केलं, आणि हत्यारांची विमानं येतच राहिली. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्टेफनी विल्यम्स यांनी लिबियनांच्या बैठकीत सांगितलं की तुमच्या देशात वीस हजार परके सैनिक आणि भाडोत्री आहेत, दहा तळांवर.

माझं मत असं आहे. या परक्या देशांना लिबियावर राज्य करायचं नाही. त्यांना फक्त आपला माणूस हरू द्यायचा नाही. एक हरायला आला की त्याचा धनी हत्यार पाठवतो, मग दुसऱ्याचा. घरातल्या भांडणात दोघांनाही बाहेरून रसद मिळत राहिली तर शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची गरजच कुणाला पडत नाही. 24 डिसेंबर 2021 ची निवडणूक ठरली होती, अजून झालेली नाही. दोन्हीकडच्यांचं तिच्यावाचून काही अडत नाही.

आईंना सांगा, राज्य रस्त्याचं आहे. ज्या रस्त्यावर जो उभा, त्याचं तेवढ्यापुरतं.

मुळाकाठ

'उपकेंद्र' यांचा प्रतिसाद आवडला, पण 2011 बद्दल ते हात राखून लिहितात असं वाटलं. उठाव परक्यांनी घडवला नव्हता. 1996 मध्ये अबू सलीम तुरुंगात सुमारे बाराशे कैदी मारले गेले होते. त्यांच्या घरच्यांचा वकील फतही तेरबिल याला 15 फेब्रुवारी 2011 ला पकडलं आणि बेनगाझी रस्त्यावर आलं. 17 मार्चला गद्दाफीने रेडिओवर बजावलं की दया दाखवणार नाही. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नागरिकांना वाचवायला बळ वापरायची मुभा देणारा ठराव क्रमांक 1973 झाला. दहा मतं बाजूने, पाच तटस्थ, त्यात आपण, सोबत चीन, रशिया, ब्राझील, जर्मनी. 19 मार्चला रणगाडे बेनगाझीच्या वेशीवर होते तेव्हा फ्रेंच विमानांनी ते फोडले. ती विमानं आली नसती तर? तटस्थ राहणं दिल्लीहून सोपं होतं.

उपकेंद्र

मुळाकाठ, हात राखला नव्हता, फार लांबलं म्हणून सोडलं. विचारलंत ते बरं केलंत.

फेब्रुवारी 2011 मध्ये मी बेनगाझीत होतो. समुद्राकाठच्या न्यायालयासमोर वकील, डॉक्टर, म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या, हातात आपल्या मुलांचे फोटो. 1996 पासून बेपत्ता असलेल्या मुलांचे. कितीतरी वर्षं तर मुलगा मेलाय हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कँपला गल्लीतल्या लोकांनी रात्री पहारा दिला, भाकऱ्या आणून दिल्या. मग भारत सरकारने ठरवलेलं 'स्कोशिया प्रिन्स' जहाज आलं, हजाराहून जास्त भारतीय त्यावर चढलो, अलेक्झांड्रिया, तिथून घर. तीन आठवड्यांनी ते रणगाडे त्या शहराच्या वेशीवर असल्याचं मी सांगलीत टीव्हीवर पाहत होतो. विमानांनी ते थांबवले तेव्हा मी रडलो. आज कुणी मला विचारलं की ती रणगाड्यांची फळी थांबवायला हवी होती का, तर मी नाही म्हणणार नाही.

माझं दुखणं त्यानंतरचं आहे. ठराव नागरिकांना वाचवायचा होता. बेनगाझी वाचलं, आणि बॉम्बफेक ऑक्टोबरपर्यंत चालली, कारण आता माणूस हटवायचा होता. एप्रिलमध्ये आफ्रिकन युनियनचं शिष्टमंडळ युद्धबंदीचा प्रस्ताव घेऊन आलं. बेनगाझीवाल्यांनी तो नाकारला, कारण त्यात गद्दाफी जात नव्हता. मला त्यांचं नाकारणं समजतं. पण ज्यांच्या विमानांवर युद्ध चाललं होतं त्यांनी तरी त्या बोलण्याला वजन द्यायचं होतं. 31 ऑक्टोबरला नाटोची मोहीम संपली आणि ते गेले. शस्त्रांची कोठारं उघडी होती. ती हत्यारं लिबियात पसरलीच, सहारा ओलांडून मालीतही गेली. परक्या फौजा नकोत हे लिबियनांनीही म्हटलं होतं, तो दोष एकट्या नाटोचा नाही. तरी वाचवायला आलेला माणूस आग विझवून गेला नाही, हे मला पचत नाही.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा पहिला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. भारनियमनाचं तिला लगेच कळलं. भाऊ मात्र म्हणतो, "ते 2019 चं झालं, आणि मिसराता वेगळं." त्याला नक्की काय विचारायला सांगू? आणि एजंटाला?

उपकेंद्र

मिसराता त्रिपोलीपेक्षा शांत आहे, हे खरं. बंदर चालू, पोलाद कारखाना चालू, लोक कष्टाळू. पण पश्चिमेच्या प्रत्येक लढाईत मिसरात्याच्या तुकड्या असतात, आणि त्रिपोली सरकारचे पंतप्रधान दबेबा तिथलेच. त्रिपोली पेटलं की मितिगाची विमानं मिसरात्याला वळवतात, मे 2025 मध्येही वळवली. तेव्हा शहर शांत आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. कामाची जागा शहरात आहे की दक्षिणेला वाळवंटात, ते आधी विचारा. एजंट 'मिसराता' म्हणतो ते पुष्कळदा कंपनीचं ऑफिस असतं, काम दुसरीकडेच.

सप्टेंबर 2020 मध्ये सात भारतीय कामगारांना दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या अश्शुवैरिफ इथे पळवलं होतं. आंध्र, बिहार, गुजरात, उत्तर प्रदेशची मुलं. ते भारतात परत यायला विमानतळाकडे निघाले होते. कामावर असताना काही झालं नाही, घरी येताना झालं. महिन्याभराने सुटले. याच अश्शुवैरिफच्या बाजूला त्रिपोलीच्या पाण्याची मोठी पाइपलाइन आहे, आणि 2017 मध्ये आपला पकडलेला म्होरक्या सोडवायला बंदूकधाऱ्यांनी राजधानीचं पाणी तोडलं होतं. 2023 मध्ये पंजाब-हरियाणाच्या सतरा पोरांना इटलीत नोकरी म्हणून नेलं आणि लिबियातल्या झुवाऱ्यात एका सशस्त्र टोळीला विकलं. तेव्हा काम कुठे, आणि तिथून विमानतळापर्यंत कोणकोणते नाके, हे लेखी घ्या.

व्हिसा कामाचाच हवा, भेटीचा नको. करार ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकऱ्यांसाठीच्या भारत सरकारच्या संकेतस्थळावर, नोंदलेला हवा. एजंटाचा परवाना त्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. पगार कुठल्या चलनात आणि कुठल्या देशातल्या खात्यात, तेही. दिनारमध्ये घेऊ नका. परतीचं तिकीट आणि बाहेर पडायचा परवाना कोण देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पासपोर्ट कुणाकडे राहणार? 2014 मध्ये आमच्या ठेकेदाराने पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत ठेवले होते आणि किल्लीवाला माणूस आधीच माल्टाला पळाला होता. आम्ही तिजोरी कापली. वेल्डर सोबत होता म्हणून निघालो.

वारणाकाठ

काका, आज भावाने एजंटाला फोन लावला. पत्ता मिसराता, पण साइट "थोडी दक्षिणेला". व्हिसा आधी भेटीचा, तिथे गेल्यावर बदलून देतो म्हणाला. आणि पासपोर्ट "सुरक्षिततेसाठी" कंपनीच्या ऑफिसात.

उपकेंद्र

मग पाठवू नका. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. पैसे दिले असतील तर आजच पावतीसकट परत मागा, आणि पासपोर्ट एजंटाकडे असेल तर आधी तो हातात घ्या. भावाला माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, रात्री नवानंतर मी मोकळा असतो. ओमानमध्ये फिटरची कामं निघतात, ओळखीत विचारून ठेवतो.